बंद मागाची दुपार

दोन हजार बावीस साल. दिवाळी होऊन गेली होती. कोरोनामुळं रखडलेले प्रवेश एकदाचे झाले आणि वडगावच्या तम्मण्णाच्या अंजनीला एम.एस्सी.साठी म्हैसूरच्या विद्यापीठात जागा मिळाली. निघायचा दिवस आला. संध्याकाळी तिची गाडी होती.

सकाळपासून तिनं बॅग कितीदा उघडली असेल. स्वेटर बाहेर काढला, परत आत घातला. मागच्या दारी जाऊन उभी राहिली, कशाला आलो ते आठवेना म्हणून आत आली. तिची आई मनिषा कडक भाकऱ्या कागदात बांधत होती. अंजनी तिच्याजवळ बसली आणि लगेच उठली.

तम्मण्णा घरातले साड्यांचे चारही यंत्रमाग चालवत होता, पण नजर पोरीवर होती. एवढ्या खडखडाटात तिला चैन कसं पडणार, असं त्याला वाटलं असावं. आजची दुपार तरी निवांत जाऊ दे म्हणून त्यानं एकेक करत सगळे माग बंद केले.

घर एकदम उघडं पडलं. पंख्याची कुरकुर ऐकू आली. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. अंजनी हातातला स्वेटर तसाच घेऊन मागांपाशी आली.

"का बंद केलासा, आप्पा?" तिनं विचारलं. मागाच्या घरातल्या माणसांना हळू बोलायची सवय नसते. प्रश्न गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"तुला जरा शांत बसता यावं म्हणून गं," तम्मण्णाही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला.

वडगावात करंट असताना भर दुपारी एखाद्या घरचे माग थांबले, की त्या घरात कुणीतरी वारलं असं लोक धरून चालतात. शेजारची मालुबाई डोक्यावर पदर घेऊन धावतच आली. तिच्या मागं आणखी तिघी-चौघी.

"मनिषा, काय झालं गं? कुणाचं काय झालं?"

"कुणाला काय झालं न्हाय, मालुआक्का. अंजनी आज म्हैसूरला चाललीय."

"मग माग कशाला थांबवलासा? भाकरी तव्यावर टाकून आले की मी!"

पण आलेल्या बायका परत गेल्या नाहीत. उंबऱ्याशी टेकल्या.

"म्हैसूर म्हणजे लई लांब की गं."

"हॉस्टेलात रोज सांबारच देत्यात म्हणं."

"आमच्या नणंदेची पोरगी धारवाडला गेलती. तापानं फणफणली आणि आठवड्यात परत आली. नुसती हाडं राहिलती."

मालुबाईनं अंजनीच्या गालावरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला. बाई रडायच्या तयारीनंच आली होती. थोडं तरी रडल्याशिवाय तिला परत जाववेना.

अंजनी उठली. बॅग पायानं कॉटखाली ढकलली.

"मी जात न्हाय," ती म्हणाली. "कुठं बी जात न्हाय. हितंच राहणार."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. मनिषानं खाली मान घालून भाकऱ्यांवरचा दोरा सोडायला घेतला.

तम्मण्णानं ते पाहिलं. तो उठला आणि पहिल्या मागाचं बटण दाबलं. मग दुसऱ्याचं. मग उरलेल्या दोन्हींचं. खडखडाटात बायकांचं बोलणं बुडून गेलं. मालुबाईचे ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग तिला तव्यावरची भाकरी आठवली. ती निघाली तशा बाकीच्याही निघाल्या.

अंजनी दोन मागांच्या मधे, तिच्या नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. त्या आवाजात तिथली माणसं ओठ वाचतात, हातांनी बोलतात. बापलेकीचं आजवरचं बहुतेक बोलणं असंच झालेलं.

"तिथं मला कोण वळखत न्हाय," तिचे ओठ म्हणाले.

"हितं सगळी वळखत्यात." त्यानं रिकाम्या उंबऱ्याकडं हात केला. "काय उपेग झाला?"

ती हसली नाही. "तुम्हास्नी भ्या वाटत न्हाय?"

तम्मण्णानं पंजा छातीवर ठेवला आणि मागावर सुतामधून धोटा पळतो तसा इकडून तिकडं नेला. तिकडून इकडं. परत तिकडं. बराच वेळ.

अंजनी बघत राहिली.

"आणि मी परत आले तर?"

त्यानं बोटं जुळवून तोंडाशी नेली. जेवायला घालू. मग दाराकडं बोट केलं. मग परत जा.

अंजनीनं वाकून कॉटखालची बॅग ओढली. मनिषानं पाठ फिरवून भाकऱ्यांवर पुन्हा दोरा गुंडाळला आणि इतकी घट्ट गाठ मारली, की गाडीत अंजनीला ती दातांनी सोडवावी लागली.

मालुबाई पुढच्या वर्षी वारली. परीक्षा होती म्हणून अंजनीला येता आलं नाही. साड्यांना उठाव राहिला नाही तसे तम्मण्णानं दोन माग मोडीत काढले. उरलेले दोन अजून चालतात. जिनं निपाणीच्या पलीकडचं गाव पाहिलं नव्हतं ती मनिषा अधूनमधून एकटीच म्हैसूरची गाडी धरू लागली, आणि डब्यातल्या बायकांना वाटेतली स्टेशनं सांगू लागली.

अंजनी आता तिथल्याच एका कॉलेजात शिकवते. म्हैसूरच्या शांततेत सुरुवातीच्या रात्री तिनं जागूनच काढल्या होत्या. हॉस्टेलात एक खोली पाण्याच्या पंपाला लागून होती. रात्रभर भिंत थरथरायची, म्हणून कुणी घेत नसे. अंजनीनं ती मागून घेतली. वॉर्डनबाईंना वाटलं, पोरगी भिडस्त दिसते, दोन दिवसांत बदलून मागेल. अंजनी त्या खोलीत दोन वर्षं गाढ झोपली.