थांबा, साहेबांना देते

"यंत्राला बाई-पुरुष कळत नाही, आणि आमच्या कंपनीलाही नाही!" मालकांनी माइकवर जाहीर केलं. टाळ्या ओसरल्यावर त्यांनी इंजिनिअरबाईंना खूण केली, "मॅडम, तो गुच्छांचा ट्रे घेऊन जरा वर या. बाईमाणसाच्या हातून दिलं की कसं शोभून दिसतं."

बाई ट्रे घेऊन व्यासपीठावर उभ्या राहिल्या. पायांचे तुकडे पडले होते. सकाळीच एका बंद लिफ्टपायी सगळी इमारत चढून झाली होती.

कंपनी लिफ्टदुरुस्तीची. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस फोन करायचा, बाईंचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "एखाद्या साहेबांना द्या हो." जीव टांगणीला, पण साहेबच हवा. सुरुवातीला बाई वाद घालायच्या. मग दमल्या. "थांबा, साहेबांना देते," म्हणून रिसीव्हर शेजारच्या टेबलावर द्यायला लागल्या.

तिथे स्टोअरचा कारकून बसायचा. लिफ्टमधलं त्याला वर आणि खाली एवढंच कळायचं. पण आवाज असा, की ऑफिस त्याला नगारा म्हणायचं. रिसीव्हरवर पंजा दाबून तो विचारायचा, "मॅडम, काय सांगू?" बाई हळूच सांगायच्या, नगारा वाजायचा आणि पलीकडचा जीव भांड्यात पडायचा. 'त्या साहेबां'चं कौतुक मालकांच्या कानावर गेलं. दाबलेला पंजा मात्र कुणाला ऐकू जात नाही.

तांत्रिक विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा बाईंनी पुन्हा एकदा अर्ज केला. मालक म्हणाले, "तुमच्या कामात खोट नाही हो. पण लोकांना भरवसा वाटायला हवा ना!"

जागा नगाऱ्याला मिळाली. तो बिचारा बाईंच्या टेबलाशी येऊन पुटपुटला, "मी नाहीच म्हणणार होतो, मॅडम. पण बायकोने माहेरी कळवूनसुद्धा टाकलं."

"आता आपले नवे प्रमुख दोन शब्द बोलतील," गुच्छ देऊन झाल्यावर मालक माइकवर म्हणाले.

नगारा माइकसमोर उभा राहिला. समोर सगळी कंपनी. मग सवयीने हात उठला, माइकवर पंजा दाबला गेला आणि तो बाईंकडे वळला.

"मॅडम, काय सांगू?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागावण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. त्यांनी रोजच्यासारखं हळूच सांगितलं. नगाऱ्याने पंजा काढला आणि रोजच्यासारखाच, एक अक्षर न गाळता घुमला:

"थांबा, मॅडमना देतो."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. बाकी कुणीच हसलं नाही. नगारा बाजूला झाला.

माइक मोकळा होता, बाईंचे हात तेवढे नव्हते. त्या मालकांकडे वळल्या.

"साहेब, एवढा ट्रे जरा धरता का?"