डाव्या गालातला घास

गाय मेली होती आणि तिचं पोट बोलत होतं.

थोरली जाऊ अंगणात गुडघे टेकून बसली होती, कान बांडीच्या डाव्या कुशीला लावून. आतून गुरगुर आली, थांबली, मग बुडबुडे फुटावेत तसा आवाज झाला. मेलेलं जनावर न्यायला आलेली गाडी फाटकाबाहेर उभी होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला आणि मग इंजिन बंद केलं.

“मान मोडलीय, वहिनी,” गुरांचे डॉक्टर म्हणाले. “श्वास नाही. डोळा हलत नाही.”

“मग हे काय बोलतंय?”

“ती गेली. आतल्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.”

थोरलीने वर बघितलं. डॉक्टर थट्टा करत नव्हते. रबरी नळी पुसत ते म्हणाले, गाय गवत खाते हे आपलं म्हणायचं. तिला एकटीला ते पचतच नाही. तिच्या पहिल्या पोटात, कोठीपोटात, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, अगणित. गवत ते खातात, आंबवतात, वाढतात. त्यांनी मागे टाकलेल्यावर गाय जगते, आणि पुढच्या पोटात गेले की त्यांनाही पचवते.

“आपण चारा घालतो तो त्यांना. गाय म्हणजे त्यांचं घर. घर पडलंय, पण माणसं आत अजून जेवतायत.”

धाकटी जाऊ गोठ्याच्या दारात उभी होती. तिची तांबू मागच्या छपराखाली होती, जिवंत. दाण्याचं पोतं फोडून तिने पोट फुटेस्तोवर खाल्लं होतं. खाल्लेलं आत आंबलं आणि आतले सगळे मेले. औषधाने आंबटपणा उतरला, पण तेव्हापासून तिने तोंड हलवलं नव्हतं. मघाशी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप धाकटीच्या कानात दिला होता. तांबूच्या पोटात बंद घरासारखं चिडीचूप होतं.

“ताई,” धाकटी म्हणाली, “बांडीच्या पोटातलं पाणी पाजलं तर तांबू जगेल, डॉक्टर म्हणतात. नाहीतर नाही. पण गार व्हायच्या आत पाजायला हवं.”

“गोठा आरशासारखा घासायची हौस तुझी. त्याच फरशीवर घसरली ही. आता पोटही फाडून हवंय?”

“बोला हवं तेवढं. पण नंतर बोला.”

थोरलीने बांडीच्या कुशीवर हात ठेवला. तिच्या तळहाताखाली पोट पुन्हा गुरगुरलं.

“किती वेळ राहतील ते?” तिने डॉक्टरांना विचारलं.

“अंग गरम आहे तोवर.”

“आणि मग?”

डॉक्टरांनी बॅग उघडली.

“नंतर शिवून द्यायचं,” थोरली म्हणाली. “पोतं शिवतात तसं नाही. नीट.”

“नीट शिवतो. तोंडात रवंथाचा घास राहिला असेल तर तोही लागेल.”

“डाव्या गालात असेल. उजवीकडच्या दाढा पडल्यात तिच्या. कायम एकाच बाजूने चावायची.”

दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नाही. बांडीचा जबडा स्वतः उघडला, कोपरापर्यंत हात घातला आणि हिरवा लगदा बाहेर काढला. अजून कोमट होता.

डॉक्टरांनी कुशीला चीर दिली. आंबूस, उबदार वास अंगणभर पसरला. ड्रायव्हरने नाकाला रुमाल लावला. हिरवं पाणी कापडातून बादलीत गाळलं, मागच्या छपरात नेलं आणि नळीने तांबूच्या पोटात सोडलं. थोरली तांबूच्या उजव्या अंगाला उभी होती. घास तिने उजव्याच गालात सारला. तांबूने तो तसाच धरून ठेवला. चावला नाही, थुंकला नाही.

ऊन कललं. डॉक्टरांनी बारीक टाके घालून बांडीची कूस शिवली. ड्रायव्हर विचारायला आला, तेव्हा थोरलीने नुसता हात वर केला. तिचा कान टाक्यांच्या वर टेकलेला होता.

“ताई! डॉक्टर! या, या लवकर!”

तांबूचा जबडा हलत होता. तिने गिळलं. थोड्या वेळाने गळ्यातून एक गोळा वर सरकला आणि ती पुन्हा चावायला लागली. धाकटी हसत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला.

“हललं पोट. छान हललं.”

“पण हिने खाल्लंय कुठे काही?” धाकटी म्हणाली. “मग चावतेय काय?”

“बांडीचं सकाळचं,” नळी गुंडाळत डॉक्टर म्हणाले.

थोरली जवळ आली होती. ती तांबूच्या तोंडाकडे बघत होती.

“ही दोन्हीकडे चावायची ना गं?”

“हो. का?”

“बघ मग.”

जबडा डावीकडे जात होता. घास वर आला, डावीकडे गेला. दुसरा आला, तोही डावीकडे. उजवा गाल दगडासारखा स्थिर होता.

धाकटीचं हसू ओसरलं. तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

“अशक्तपणा,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी बॅगेतून मान वर केली नाही.

थोरलीने तांबूच्या कपाळावर तळहात ठेवला. तांबूने डोळे मिटले.

“मावशी, अंधार पडायच्या आत निघायला हवं,” ड्रायव्हर कोपऱ्यावरून ओरडला.

“उचल बाबा,” थोरली म्हणाली. “रिकामी आहे ती.”

पदराला हात पुसत ती घराकडे वळली. तांबूने चावणं थांबवलं. आधी तिची मान तिकडे वळली, मग पाय. धाकटीच्या हातातला दोर ताठ झाला.