आईचं मशीन

दापोलीला भावाच्या नव्या होमस्टेमध्ये सुनेत्रा हात धुवायला गेली आणि तिथेच थांबली. बेसिन आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसवलं होतं. फळी गोल कापून तिच्यात तांब्याचं घंगाळ ठोकलं होतं आणि मशीन वेगळं काढून खिडकीत शोभेला मांडलं होतं.

“भंगारात दिलं म्हणाला होतास,” ती म्हणाली.

“देणारच होतो,” शिरीष म्हणाला. “पण असल्या जुन्या वस्तूंसाठीच लोक इथे येतात, ताई. फोटो काढतात.”

“आणि आई माझ्याकडे हातानं साड्यांना फॉल लावत बसते.”

“तुझ्या एका खोलीत हे ठेवणार कुठे?”

सुनेत्रानं स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू काढले, घंगाळ अंगणात भिरकावलं आणि टेम्पो बोलावून टेबल आणि मशीन त्यात चढवलं.

“आता परत इथे येऊ नकोस,” शिरीष फाटकातून म्हणाला.

“येतंय कोण?”

घरी जागा करायला तिनं हौसेनं घेतलेली वेताची खुर्ची आणि कोपऱ्यातली कुंड्यांची मांडणी शेजारणीला देऊन टाकली. मशीन खिडकीपाशी लावलं. आईनं कापलेल्या फळीवरून बोटं फिरवली.

“शिरीषला परत देऊन ये,” ती म्हणाली. “त्याचा धंदा नवा आहे. माझं काय, हातानंही होतं.”

“मग त्याच्याकडेच जाऊन शिव.”

कुणीतरी जा म्हणावं याचीच इतकी वर्षं वाट पाहत असल्यासारखी आई उठली आणि कपाटावरची पिशवी काढून साड्या भरू लागली.