मासवड्यांचा स्टॉल

शाळेच्या वाचनालयासाठी पैसे उभे करायला आनंदमेळा ठरला. घरोघर चिठ्ठ्या गेल्या. शेवंताला वाचता येत नव्हतं, म्हणून पालकसभेलाही ती कधी फिरकत नसे. शेवटी वर्गशिक्षिका मोकाशीबाईच तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आमच्यासारख्यांकडं द्यायला काय असणार, बाई?”

“तुमच्या लेकीच्या डब्यातली मासवडी खाल्लीय मी. तीच करून आणा.”

मेळ्यात शेवंता अंग चोरूनच उभी राहिली. लेक मात्र ओरडओरडून सगळ्यांना सांगत होती, “माझ्या आईनं केल्यात!” तासाभरात परात रिकामी झाली.

मोकाशीबाई आभार मानायला आल्या, तर शेवंतानं त्यांचेच हात धरले. तिचे डोळे भरून आले होते.

“शाळेनं आजवर आम्हाला दिलंच, बाई. आमच्याकडं मागायला आलात त्या तुम्हीच पहिल्या.”