सातव्या ओळीतली चूल

वैशाली सुरतेच्या बमरोलीतल्या धुडकूच्या खोलीत शिरली ती पेढ्यांचा पुडा पुढे धरूनच. "काका, आधी तोंड गोड करा. तुमच्या कागदांनी माझं काम फत्ते केलं."

धुडकू खाटेवर उठून बसला. पंचवीस वर्षं तो नक्षीचं कापड विणणाऱ्या जेकार्ड मागांची डिझाइनं चौकटीच्या कागदावर उतरवायचा आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा; त्या भोकांवरून माग नक्षी विणायचा. आता ती भोकं कॉम्प्युटरचं मशीन पाडतं. दोन वर्षं झाली, धुडकू घरीच होता. बायको सुभद्राबाई पाण्याचा पेला घेऊन आली आणि पेढे बघून दारातच थबकली. त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी पेढे आणले नव्हते.

मधे महिनाभर त्याला एकच काम मिळालं होतं, ते वैशालीचं. कडोदऱ्याकडे हायवेच्या खोदकामात एक शिलालेख निघाला होता, त्यावर ती पीएच.डी. करत होती. लिपी कुणाच्या बापाला वाचता येत नव्हती. मग तिनं प्रत्येक खुणेला नंबर दिला आणि कोणत्या खुणेमागून कोणती खूण किती वेळा येते, ते कॉम्प्युटरकडून मोजून घेतलं. पण त्याआधी कुणीतरी दगडावरून कागदावर घेतलेल्या शाईच्या ठशावरून एकेक खूण चौकटीत नीट उतरवायला हवी होती. तीनशे अकरा खुणा. धुडकूच्या हाताइतका बिनचूक हात तिला सुरतेत दुसरा मिळाला नसता.

तिनं प्रिंटरमधून निघालेला, भोकांच्या किनारीचा लांबलचक कागद खाटेवर उलगडला. त्यावर धुडकूनं उतरवलेल्या खुणा ओळीनं छापल्या होत्या.

"हा बघा, याला मी मासा म्हणते. आणि ही चूल. मासा आला की मागोमाग चूल येते. बावीस वेळा मासा, बावीस वेळा चूल, एकदासुद्धा चुकत नाही. म्हणजे ही नुसती नक्षी नाही, काका. नियमानं लिहिलंय. कुणीतरी काहीतरी सांगतंय."

तिच्या सरांनी हे आकडे बघून एवढंच विचारलं होतं, "इतकं स्वच्छ कसं?" तिला तो सरळसरळ मत्सर वाटला होता. प्रबंध बांधून रवाना झाला होता. सोमवारी बडोद्याला तोंडी परीक्षा होती.

धुडकूनं कागदावरून बोट फिरवलं. डिझाइन तपासताना फिरवायचा तसंच, डावीकडून उजवीकडे, न थांबता. मग मान डोलावली.

"आते बरोबर दिसस. त्या दगडना कारागीर चुकेल व्हता, बेन."

"म्हणजे?"

"सातवी ओळमा तेनी मासा काढा आनि चूल सोडी दिधी. मंग मी घाली दिधी."

वैशालीनं कागदावरून मान वर केली. "तुम्ही घातलीत?"

"घालाच पडस. एक चौकट चुकनी तर कापडना आख्खा ताकामा खोट येस. शेठ ताका तोंडवर फेकस." त्याला यात नवल काहीच वाटत नव्हतं. "पंचवीस वरीस तेच करं. डिझाइन काढनारा चुकस, आपुन गुपचूप सुधारी लेवानं. बोंबलानं नही."

सुभद्राबाई कौतुकानं म्हणाली, "यास्ना हातना कापडले कधी खोट नही निंघनी, बेन."

वैशालीला आधी भीती वाटली. मग राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना. हे काम नेमकं काय आहे, ते तिनं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. "जसंच्या तसं उतरवा," एवढं म्हणाली होती. जसंच्या तसं म्हणजे काय, ते तो पंचवीस वर्षं कारखान्याच्या शेठकडून शिकला होता.

"काका, फक्त ती एकच चूल ना?"

"नही ओ. ज्या ज्या जागावर खोट दिसनी, त्या त्या जागावर."

"कुठे कुठे? आठवतं?"

धुडकूनं डोकं खाजवलं.

तिनं घाईघाईनं कागद त्याच्यासमोर ओढला. ताडून बघायला दुसरं काही उरलंच नव्हतं. दगड केव्हाच कंत्राटदाराच्या क्रशरमध्ये जाऊन रस्त्याची खडी झाला होता. फोटोत नुसत्या सावल्या आल्या होत्या. शाईचा ठसा चौऱ्याण्णवच्या पुरात तिच्या खोलीतच लगदा झाला होता. तेव्हा ती उलट समाधानानं म्हणाली होती, धुडकूकाकांची नक्कल आहे ना, मग झालं.

"नीट बघा, काका. तुम्ही घातलेल्या खुणा तेवढ्या मला दाखवा. मी त्या काढून टाकते. सोमवारच्या आत काढते."

सुभद्राबाईनं चष्मा आणून दिला. धुडकू कागदावर वाकला. पहिली ओळ, दुसरी ओळ. बोट पुढे सरकत राहिलं. सातव्या ओळीवर ते थांबलं, चुलीवर टेकलं, मग पुढे गेलं. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता. वैशाली त्या बोटाकडे बघत होती आणि ते आणखी कुठेतरी अडखळावं म्हणून मनातल्या मनात हात जोडत होती.

शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन ते परत वर आलं, पुन्हा खाली गेलं. मग धुडकूनं चष्मा काढला. दोन वर्षांत सुभद्राबाईनं त्याचा चेहरा असा फुललेला पाहिला नव्हता.

"नही सापडत, बेन," तो म्हणाला आणि पुड्यातला पेढा उचलून त्यानं वैशालीच्या हातावर ठेवला. "मनी सोतानी घालेल जोड मालेच सापडत नही. मंग त्या बडोदावालास्ले काय सापडी?"