तळाची वाळू

समुद्राचा तळ तपासणाऱ्या बोटीवरून पडलेला तिचा नवरा सापडलाच नाही. जामखेडला आला फक्त त्याचा शिशाचा ओळंबा. बुडाच्या खोबणीत चरबी भरून तो दोरीने पाण्यात सोडला, की तळाची वाळू चिकटून वर येते, हे त्यानेच दाखवलेलं. त्याच्या शेवटच्या दिवसाची वाळू खोबणीत अजून तशीच होती, पोवळ्याच्या कणासकट. कडेवरची लेक मोठी झाली की सांगायचं होतं, तुझे बाबा इथे आहेत. आज ती टँकरच्या रांगेतून रिकाम्या हंड्यानिशी परतली, तर सासू ओळंबा पदराने पुसत होती. "लई चिकाट हुतं गं. राखेनं घासलं. माझ्या वाटणीचं पाणी वतलं, पर बघ, कसं लख्ख केलंय लेकराचं!" ती मोरीकडे धावली. वाळू, राख, दुष्काळाची धूळ, सगळं एक होऊन सुकलं होतं. सासूच्या फुटलेल्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "लख्ख झालंय, आत्याबाई."