थुंकीने पुसलेला संत

ख्रिस्ती मठातल्या त्या ध्यानस्थ संताच्या चित्रावर पाचशे वर्षांची काजळी होती. अशी काजळी माणसाच्या लाळेनेच हळुवार निघते. जुनी चित्रं साफ करणं माझं कामच; मी सुरुवात त्याच्या गालावरच्या नखाएवढ्या चौकोनापासून केली. अकरा दिवस कापसाचे बोळे तोंडात भिजवून पुसत होते. साठीला टेकलेली मी, तोंडाला कोरड पडली, मान आखडली. दुपारी त्याच्यासमोरच खुर्चीत डोळा लागला.

सिस्टर ओनोरिनाने हलवून उठवलं. "अगं नीवेस, दमलीस किती. आणि गालाला काय लावलंस?"

"काही नाही."

"मग तेवढंच उजळ कसं?"

मोबाइलमध्ये चेहरा पाहिला. गालावर नखाएवढा चौकोन होता, कडा अगदी सरळ. आतली कातडी विशीतली.

बोट लावलं. चौकोन अजून ओला होता.